नापासांसकट निकाल

जेल रोड, नाशिकरोड
११ जानेवारी १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

तुझं नववर्षाचं कार्ड मिळालं. त्यावर तू ‘कुत्र्या-मांजरांच्या लिम्फोमावर पीएच.डी. चालू आहे’ असं लिहिलं होतंस. मी ते वाचून कपाटात ठेवलं. आठवड्याच्या आत ते परत बाहेर काढावं लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्याकडे एक कुत्रा आहे. मी निवृत्त झाले त्या दिवशी शाळेच्या फाटकापासून माझ्यामागे आला आणि परत गेलाच नाही. बस म्हटलं की उभा राहतो, उभा राहा म्हटलं की झोपतो, म्हणून नाव ठोंब्या. मागच्या आठवड्यात त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. आज त्या लिंबाएवढ्या आहेत. दुखत नाहीत, खाणंपिणं ठीक आहे.

इथले जनावरांचे डॉक्टर अश्विन तरुण आहेत, पण बडबड करत नाहीत म्हणून मला पटले. त्यांनी गाठीत सुई घालून आतला अंश काचपट्ट्यांवर पसरवला आणि सांगितलं, वाळू द्या आणि मुंबईला पाठवा. मी पट्ट्या खिडकीत ठेवल्या. आमच्या सुलाबाईने त्या घासून लख्ख केल्या. तिला बोलायची सोय नाही, कारण या घरात काचेवर डाग दिसता कामा नये हा नियम माझाच. दुसऱ्या पट्ट्या काढून घेतल्या आहेत. शेजारचे केरूभाऊ पासधारक आहेत, रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीला जातात. त्यांच्या हाती हे पत्र आणि पट्ट्या देत आहे.

फोन करा म्हणून लिहू नकोस. फोन शेजारी आहे आणि माझ्या घरातलं दुखणं सगळ्या कॉलनीने ऐकावं असं मला वाटत नाही.

हे काय आहे, त्यावर औषध आहे का आणि ठोंब्याला किती काळ मिळेल, एवढं कळव. गोड बोलून सुरुवात करू नकोस.

वत्सला पगारे

*

मुंबई
१५ जानेवारी १९९८

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

केरूभाऊंनी पाकीट दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. मी तोच किशोर गावित कशावरून, असंही विचारलं. तुम्ही बजावलं असणार.

ठोंब्याला लिम्फोमाच आहे. लसिका ग्रंथींमधल्या पेशी बेसुमार वाढतात, तो हा कॅन्सर. लसिका ग्रंथी तुम्ही आम्हाला नववीत शिकवल्या होत्या. मला त्या आल्या नाहीत आणि सहामाहीत तुम्ही मला नापास केलंत. आता जन्मभर त्याच मागे लागल्या आहेत.

औषध आहे. माणसांना देतात तीच औषधं, प्रमाण हलकं. आठवड्याला एक इंजेक्शन आणि बरोबर गोळ्या. बहुतेक कुत्र्यांच्या गाठी महिन्याभरात विरतात. पण रोग जात नाही, दबतो, आणि पुढे कधीतरी परत येतो. औषधाशिवाय महिना-दीड महिना. औषधावर साधारण आठ महिने ते वर्ष, काही त्याहून जास्त, काही फारच कमी. कुत्र्याला बरं करण्याचा दावा आम्ही करत नाही. त्याचे दिवस चांगले जावेत एवढाच उद्देश असतो. केस सहसा गळत नाहीत. गोळीने तहान आणि भूक वाढेल. डॉ. अश्विनना मी सगळं लिहून पाठवतो आहे. त्यांनी गाठीचा एक लहान तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये माझ्याकडे पाठवावा.

तुकडा कशाला, ते सांगतो. या पेशी दोन जातींच्या असतात, बी आणि टी. नेहमीच्या रंगाने दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांना वेगळं ओळखणारी रसायनं परदेशातून यायची आहेत. तिकडच्या लोकांनी दाखवलं आहे की टी-जातीची कुत्री लवकर जातात. आपल्याकडे तसंच आहे का, हा माझा विषय. माझ्या कपाटात बऱ्याच कुत्र्यांचे तुकडे मेणात जपून ठेवले आहेत. पण कोण किती जगलं हे मेण सांगत नाही, ते मालकच सांगू शकतो. आणि गाठी विरल्या की मालक येणं बंद करतात. पत्रांना उत्तर देत नाहीत. माझा प्रबंध तिथे अडला आहे.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
८ फेब्रुवारी १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

ठोंब्याच्या गाठी विरल्या. दुसऱ्या इंजेक्शननंतर एक दिवस उलटी झाली, पुढे काही नाही. भूक इतकी वाढली आहे की सुलाबाई पोळ्या वरच्या फळीवर ठेवते.

तुकडा मिळाला असेल. घट्ट झाकणाची बरणी घरात एकच होती, लोणच्याची. पंचवटीतल्या पासधारकांनी ती केरूभाऊंच्या डब्याशेजारी पाहिली आणि फोड मागितली. केरूभाऊ म्हणाले, बाईंच्या कुत्र्याची आहे. तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून कोणी डबा उघडत नाही.

समोरच्या लताबाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की माणसांना मिळत नाहीत ती औषधं बाई कुत्र्याला देतात. मी म्हटलं, माणसांची औषधं मी अडवलेली नाहीत. मग त्या ठोंब्याला पाहायला आल्या आणि त्याला पेढा दिला. पेढा मी काढून घेतला. त्यावर दोघंही नाराज आहेत.

आता तुझं. मालक येत नाहीत म्हणून काम अडलं, हे काय कारण झालं? मुलं शाळेत आली नाहीत तर मी घरी जात असे. तुझ्या वसतिगृहाच्या पायऱ्याही चढले आहे, आठव. नाशिक भागातल्या तुझ्या मालकांची नावं आणि पत्ते पाठव. मला वेळ आहे आणि एसटीत अर्धं तिकीट नसलं तरी मला बसायला जागा मिळते. माणसं उठतात. का, ते मी विचारत नाही.

वत्सला पगारे

*

मुंबई
१७ फेब्रुवारी १९९८

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

नावं सोबत आहेत. चांदवडचे मल्हारी, त्यांचा कुत्रा वाघ्या. येवल्याचे नाथा, पैठणी विणतात, त्यांची मांजर जरी. मांजरांत हा रोग बहुधा आतड्यात होतो, वरून गाठ दिसत नाही, मांजर नुसती वाळत जाते. पूर्वी मांजरांना तो एका विषाणूमुळे फार होत असे, आता परदेशात लस आल्यापासून कमी झाला आहे. जरीला तो विषाणू नाही आणि तिचा रोग संथ आहे, म्हणून तिला फक्त गोळ्या. बाकीची देवळाली, सिन्नर, नाशिक शहरातली आहेत.

संकोच वाटतो, म्हणून आधीच सांगतो. लोक रागावतील. कुत्र्यासाठी घरी चौकशीला कोणी येत नसतं.

एक आशा आहे तीही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती आहे. जूनअखेर निकालांचा गोषवारा पाठवायचा. आतापर्यंत ज्यांच्याकडून उत्तर आलं, त्यांची कुत्री छान जगली आहेत. आकडे फार चांगले दिसतात, बाई. आमचे मार्गदर्शक सरही खूश आहेत.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
२९ मार्च १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

तू दिलेले सगळे पत्ते झाले. रागावलं कोणी नाही. चहा मात्र इतका प्यावा लागला की पित्त झालं.

आधी चांदवड. मल्हारींचा वाघ्या अंगणात कांद्याच्या चाळीखाली ऐटीत बसला होता. गाठी नाहीत. औषध मध्येच बंद का केलं विचारलं, तर मल्हारी आईकडे बघायला लागले. आई चिमणाबाई. त्यांनी रेणुकामातेला नवस बोलला होता, गाठी गेल्या, नवस फेडला. “आता परत सुई टोचायची म्हंजी देवीवर भरवसा नाय असं व्हतंय,” म्हणाल्या. मी देवीच्या भानगडीत पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी एवढंच विचारलं, नवस काय बोलला होतात? त्या म्हणाल्या, गाठी जाऊ दे. “परत येऊ नयेत, असं बोलला होतात का?” चिमणाबाईंनी बराच विचार केला. “ते नव्हतं बोललं.” “मग तेवढं डॉक्टरकडे.” त्या म्हणाल्या, बाई वकील हाये का मास्तरीण? सोमवारी वाघ्या डॉ. अश्विनकडे आला होता. चिमणाबाई स्वतः घेऊन आल्या, कारण मुलगा विसरेल म्हणून.

येवला. नाथा मागावर बसलेले. मागाखाली उंदीर रेशीम कुरतडतात म्हणून मांजर घरातली मानकरी. तीच गोळी घेईना, म्हणून गोळ्या डबीत तशाच पडून होत्या. नाथा म्हणाले, “म्या घेतल्या तर चालंल का तिच्या बदली?” मी गोळी मलईत लपवून दिली. मांजरीने मलई चाटली आणि गोळी बाजूला काढून ठेवली. मग जबडा कसा धरायचा ते दाखवलं. माझ्या मनगटावर तीन ओरखडे आहेत. गोळी पोटात गेली. आता रोज जाते, असं नाथांच्या मुलीने कार्डावर कळवलं आहे.

आता तुझ्या कामाचं. बाकीच्या घरांतली बहुतेक कुत्री मेली आहेत, काही तर दोन-तीन महिन्यांतच. वर्ष झालेलीही आहेत. तुला का कळवलं नाही, हे मी प्रत्येक घरी विचारलं. देवळालीच्या विमलाबाईंचं उत्तर सगळ्यांच्या वतीने देते. त्यांचा कुत्रा दिवाळीआधी गेला. म्हणाल्या, “कुत्रं मेल्याचं पत्र कोण लिहितं? आणि तो डॉक्टर मुलगा इतका जीव लावणारा. त्याला कशाला वाईट वाटायला लावायचं?”

तुला वाईट वाटू नये म्हणून या लोकांनी तुला आंधळा ठेवला आहे, किशोर. ज्यांची कुत्री जगली त्यांनीच तेवढी उत्तरं लिहिली. तारखा वेगळ्या कागदावर आहेत. कोणती पक्की आणि कोणती अंदाजाची, ते समोर लिहिलं आहे.

ठोंब्या मजेत आहे. दारातल्या बादलीतलं पाणी पिऊन पिऊन संपवतो.

वत्सला पगारे

*

मुंबई
१८ एप्रिल १९९८

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. तरी मनातलं लिहितो.

तुमच्या तारखा घालून गणित मांडलं. आकडा कोसळला. आधी वर्षाच्या पुढे जात होता, तो सहा-सात महिन्यांवर आला. सरांनी कागद बाजूला सारला. ते म्हणाले, ज्यांनी उपचार पुरे केले नाहीत ती कुत्री मोजायचीच कशाला? पुरे करणाऱ्यांचा निकाल दाखवायचा. असं करतात, बाई. बाहेरच्या निबंधांतही कधी कधी असं केलेलं असतं, तळाशी बारीक अक्षरांत लिहून. खोटं काही लिहायचं नाही.

निफाडकडचे काही पत्ते मी अजून पाठवलेले नाहीत. पण आता ऊन फार आहे. तुम्ही फिरणं थांबवावं असं वाटतं. पावसाळ्यानंतर पाहू.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
२२ एप्रिल १९९८

किशोर,

उन्हाची काळजी तू करू नकोस. छत्री आहे.

आपल्या शाळेचा दहावीचा निकाल एके वर्षी शंभर टक्के लागावा असं ठरलं होतं. तो कसा लावतात तुला माहीत नसेल. कच्च्या मुलांना शाळेतून बसवायचंच नाही. त्यांच्याकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा आणि बाहेरून बसवायचं. ती नापास झाली तर शाळेची नव्हेत. खोटं काही लिहावं लागत नाही. जी मुलं उरतात ती सगळी पास होतात आणि पेढे वाटतात.

त्या वर्षी बाहेर काढायच्या मुलांत सुरगाण्याच्या बुधा गावितांचा मुलगा होता. मी मुख्याध्यापकांना म्हटलं की हा मुलगा माझ्या पटावर आहे, तो माझ्याच वर्गातून बसेल आणि नापास झाला तर माझ्याच वर्गातला म्हणून नापास होईल. त्या वर्षी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला नाही. तू पास झालास, पण मी तू पास होशील म्हणून भांडले नव्हते. तुझा काय भरवसा होता?

हे तुला कधी सांगायचं नव्हतं. आज गरज पडली.

निफाडचे पत्ते पाठव.

वत्सला पगारे

*

मुंबई
२१ जून १९९८

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

दोन महिने निफाडच्या पत्त्यांच्या कागदाशिवाय काही पाठवलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. मध्ये बाबा गावाहून आले होते, त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मला ठावं व्हतं. शाळेच्या शिपायाने त्यांना तेव्हाच सांगितलं म्हणे, म्हणून त्या वर्षी ते तुमच्याकडे नागलीची पोती घेऊन आले आणि तुम्ही ती परत पाठवलीत. मलाच तेवढं कोणी सांगितलं नाही.

निफाडच्या तारखा मिळाल्या. सगळी कुत्री घातली. अर्ध्यावर सोडलेली, पहिल्या महिन्यात गेलेली, सगळी. सरांना म्हटलं, सर, हा माझा पट आहे. ते दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मध्ये रसायनंही आली. मेणातले सगळे तुकडे नव्याने तपासले आणि बी आणि टी वेगळे केले. बाई, तुम्ही शोधून आणलेल्या त्या लवकर गेलेल्या कुत्र्यांत बहुतेक टी निघाली. चिमणाबाईंचा वाघ्या बी. दोन जाती वेगळ्या मांडल्या की एका कोसळलेल्या आकड्याचे दोन नीट आकडे होतात, एक लांब, एक आखूड. नापास काढून टाकले असते तर टी-जात जवळजवळ दिसलीच नसती. जगाला हे नवीन नाही, पण आपल्या कुत्र्यांत पहिल्यांदा दिसलं. सरांनी कागद परत मागून घेतला, रात्री घरी नेला आणि सकाळी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला.

गोषवारा पाठवला आहे, तळाशी बारीक अक्षर नाही.

नाथांची जरी वजनाने वाढली, असं त्यांच्या मुलीचं कार्ड आलं. लिहिते की बाई परत आल्या तर जरी माळ्यावर चढून बसते.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
२८ जून १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. काम चांगलं झालं आहे. शुद्धलेखन सुधारलं आहे.

वाघ्याचं लिहिलंस, लवकर गेलेल्या कुत्र्यांचं लिहिलंस, येवल्याच्या मांजरीचंही लिहिलंस. ठोंब्याचं लिहिलं नाहीस. त्याचा तुकडा माझ्याच बरणीतून तुझ्याकडे आला आहे.

त्याच्या गाठी परत आल्या आहेत. गोळीने तहान लागते असं तू म्हणाला होतास. गोळी कमी झाली, तहान वाढत गेली. मी ज्या घरी गेले, तिथे लवकर गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच कुत्र्यांबद्दल लोक आपणहून सांगत की शेवटी पाणी फार प्यायचा. म्हणून डॉ. अश्विनकडून रक्त काढून माणसांच्या लॅबमध्ये दिलं. तिथल्या मुलीने बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर हाक मारली, “ठोंब्या पगारे कोण?” मी उठून कागद घेतला. कॅल्शियम वर आहे. टी-जातीत ते वर जातं, हे तुझ्याच चिठ्ठीत डॉ. अश्विनना लिहिलेलं होतं, त्यांनी मला वाचायला दिली.

नापास झालेल्या मुलाला मी निकाल कधी पोस्टाने पाठवला नाही आणि कधी लपवलाही नाही. हातात दिला आणि पुढे काय करायचं ते सांगितलं. विमलाबाईंनी तुला आंधळं ठेवलं, आता तू मला ठेवतोस का?

निकाल पाठव.

वत्सला पगारे

*

मुंबई
१ जुलै १९९८

आदरणीय बाई,

टी.

मला मे महिन्यापासून ठाऊक होतं. तुम्ही उन्हात निफाडला फिरत होतात आणि मला लिहिता येईना. चुकलो.

पुढे काय करायचं ते लिहितो. एक अधिक जोरदार इंजेक्शन आहे. काही कुत्र्यांना त्याने आणखी काही महिने मिळतात, काहींना काहीच मिळत नाही. थकवा येऊ शकतो. नाही दिलं तरी कोणी तुम्हाला दोष देणार नाही. ठरवायचं तुम्ही.

सध्या कॅल्शियम खाली आणायला सलाईन लावावं लागेल. डॉ. अश्विनना केरूभाऊंच्या हाती चिठ्ठी दिली आहे.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
५ जुलै १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

निकाल मिळाला. बरं वाटलं. निकाल चांगला नाही, पण हातात आहे.

मी असं ठरवलं आहे. रिक्षा दारात आली की ठोंब्या आपण होऊन उडी मारून बसतो, कारण रिक्षा म्हणजे डॉक्टर हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. ठोंब्याच तो. तो स्वतः चढतो तोवर इंजेक्शन द्यायचं. ज्या दिवशी मला त्याला उचलावं लागेल, त्या दिवशी बंद.

वत्सला पगारे

*

नाशिकरोड
१८ ऑक्टोबर १९९८

चि. किशोर,
सप्रेम जय भीम.

ठोंब्या शुक्रवारी दुपारी गेला.

जोराच्या इंजेक्शनने त्याला चांगला पावसाळा मिळाला. लताबाईंच्या घरातून दोनदा चप्पल आणली. त्या आता पेढा माझ्यासमोरच देत आणि मीही पाहिलं नाही असं करत असे. पंधरा दिवसांपूर्वी रिक्षा आली आणि तो ओट्यावरूनच शेपूट हलवत राहिला. मी रिक्षा परत पाठवली. नंतर दुखू नये एवढीच गोळी दिली. शेवटचे दिवस ओट्यावर उन्हात पडून असे, जाणाऱ्या-येणाऱ्यांची हजेरी घेत. शुक्रवारी सुलाबाई भांडी घासत होती, मी मटार सोलत होते, तो मध्ये होता. सुलाबाईने हाक मारली तेव्हा कळलं.

डॉ. अश्विनना आत काय झालं होतं ते पाहू दिलं. तुकडे केरूभाऊंच्या हाती येतील. बरणी परत पाठवू नकोस.

त्याला टी-च्या रकान्यात लिही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही तारीख अंदाजाची नाही, असा तुझा तो एकटाच असेल. आकडा आणखी थोडा खाली येईल. येऊ दे.

तुला पत्र लिहिलं आहे. कुत्रं मेल्याचं पत्र कोण लिहितं असं आता नाशिक भागात कोणी म्हणणार नाही. मी सगळ्यांना कार्डं देऊन ठेवली आहेत, पत्ता घालून.

वत्सला पगारे

*

मुंबई
३० जानेवारी २०००

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रबंध मान्य झाला. प्रत सोबत आहे. लाल पेन जवळ घेऊन वाचाल हे माहीत आहे.

ती अमेरिकेची शिष्यवृत्ती तेव्हा मिळाली नाही. मला वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. आता इथेच जागा मिळाली आहे. सरांनी पुणे आणि नगरच्या कुत्र्यांचं काम सुरू करायला सांगितलं. मी म्हटलं, आधी दोन निवृत्त शिक्षिका शोधतो. सर म्हणाले, कडक बघ. नगरला एक मिळाल्या आहेत. पहिल्याच भेटीत त्या मला माझ्या अक्षरावरून बोलल्या.

तुमच्या कार्डांवर उत्तरं येतात. वाघ्याचं कार्ड दिवाळीत आलं. दोन वर्षं काढली त्याने. चिमणाबाईंनी मल्हारींकडून लिहून घेतलं आहे, “देवीचं देवीनं केलं, डॉक्टरचं डॉक्टरनं.” जरी अजून गोळी घेते आणि उंदीरही मारते.

तुमचा
किशोर

*

नाशिकरोड
६ फेब्रुवारी २०००

चि. डॉ. किशोर,
सप्रेम जय भीम.

प्रबंध वाचला. चुका बाराव्या पानापासून सुरू होतात, वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. मजकूर उत्तम आहे. हे मी एकदाच लिहिणार आहे, पत्र जपून ठेव.

काल येवल्याला जाऊन आले. मांजर माळ्यावरून उतरली नाही. तब्येत चांगली दिसते.

केरूभाऊंनी कोष्टक पाहिलं आणि तक्रार केली की ठोंब्याचं नाव कुठेच नाही, नुसता क्रमांक आहे. मी त्यांना म्हटलं, पटावर क्रमांकच असतो. तुझा बत्तीस होता. मला अजून पाठ आहे.

वत्सला पगारे